सरळ रेषेचे दोन आंकडे

नभोवाणीवरून भूमितीविषयीं बोलावयाचें म्हणजे अंधारांत चित्रांचें प्रदर्शन भरविण्यासारखें आहे, अशी शंका कोणालाहि येईल. येथें फळा नाहीं, खडू नाहीं, पट्टी नाहीं. डोंगराची कड किंवा नदीचें वळण शब्दांनीं कितीहि वर्णिलें तरी ऐकणाऱ्याच्या मनांत उमटलेलें चित्र मुळासारखेंच असेल अशी खात्री देतां येत नाहीं. सरळ रेषेची गोष्ट मात्र निराळी आहे. ती अवघ्या दोन आंकड्यांत पुरी सांगतां येते. ते आंकडे सांगणारा मुंबईस असो आणि ऐकणारा नागपुरास असो, दोघांच्या कागदांवरील रेषांत केसाइतकाहि फरक पडावयाचा नाहीं.

शाळेंतील बीजगणिताच्या पुस्तकांत हे दोन आंकडे एका चिमुकल्या सूत्रांत बसविलेले असतात. य बरोबर म गुणिलें क्ष अधिक क. यांतील 'म' हा रेषेचा चढ आणि 'क' हा तिचा आंतरछेद. विद्यार्थी तें सूत्र पाठ करतो, चौकटींच्या कागदावर दोन बिंदु मांडून त्यांतून पट्टीनें रेषा ओढतो, गुण मिळवितो आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशीं सारें विसरून जातो. यांत त्याचा दोष थोडा आहे. 'म' आणि 'क' हीं दोन अगदीं भिन्न प्रश्नांचीं उत्तरें आहेत, हें त्याला बहुधा कोणी सांगितलेलेंच नसतें. पहिल्याचा प्रश्न, पुढें पावलागणिक वाढ किती? दुसऱ्याचा प्रश्न, मुळांत आरंभ कोठून? या दोहोंची गल्लत झाली म्हणजे विजेच्या बिलापासून रोग्याच्या तापापर्यंत कोठेंहि फसगत होऊं शकते. उलट त्यांची नीट फारकत करण्यासाठीं पदार्थविज्ञानाच्या एका प्रसिद्ध शास्त्रज्ञानें आयुष्याचीं दहा वर्षें खर्चीं घातलीं. ती हकीकत पुढें येईल. प्रथम चढ म्हणजे काय तें पाहूं जातां फार दूर जावयास नको.

मुंबईहून पुण्यास जाणाऱ्या गाडींत खिडकीशीं बसलेल्या प्रवाशाला वाटेंत दोन प्रकारच्या पाट्या दिसतात. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर गांवाच्या नांवाबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. ही पाटी बहुतेकांच्या ओळखीची आहे. दुसरी सहसा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, कारण ती प्रवाशांसाठीं नसून इंजिन चालविणारासाठीं असते. रुळांच्या कडेला, जेथें जेथें चढ बदलतो तेथें तेथें, एक ठेंगणा खांब असतो व त्याच्या तिरक्या हातावर एक आंकडा असतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनें १८६३ सालीं भोर घाट वाहतुकीस खुला केला, त्यांतील सर्वांत अवघड चढ ३७ स १ असा आहे. म्हणजे ३७ फूट पुढें सरकावें तेव्हां १ फूट वर चढावें. पायीं चालणाऱ्याला हा चढ चढसा वाटणारहि नाहीं. परंतु गुळगुळीत रुळांवरून लोखंडी चाकांनीं वर जाणाऱ्या जड गाडीला तो असा भारी पडतो कीं, कर्जतला तिच्या पाठीमागें जादा इंजिनें लावावीं लागतात.

घाट संपून लोणावळें आलें कीं हें मागचें बळ नकोसें होतें. वास्तविक लोणावळें समुद्रापासून ६०० मीटरांहून अधिक उंचीवर आणि कर्जत घाटाच्या पायथ्याशीं. तरी कर्जतला मदत लागते व लोणावळ्यानंतर लागत नाहीं. उंची इंजिनाला जड जात नाहीं. चढ जड जातो. पिवळी पाटी गाडी कोठें आहे तें सांगते, ठेंगण्या खांबावरील आंकडा ती पुढें कशी जाणार तें सांगतो. यांत आणखी एक बारकावा आहे. उंची समुद्रापासून न मोजतां कर्जतच्या रुळांपासून मोजावयाची असें उद्यां कोणी ठरविलें, तर प्रत्येक स्टेशनाच्या उंचींतून सारखीच रक्कम वजा होईल आणि वाटेंतील एकूण एक पिवळी पाटी नव्यानें रंगवावी लागेल. रुळांकाठच्या खांबांपैकीं मात्र एकालाहि हात लावण्याचें कारण पडणार नाहीं. शून्य कोठें धरलें यावर आंतरछेद अवलंबून असतो. चढाला त्याचें सोयरसुतक नसतें. हा बारकावा श्रोत्यांनीं गांठीस बांधून ठेवावा.

आतां मनांतल्या मनांत एक कोरा कागद घ्यावा. त्यावर एक आडवी व एक उभी अशा दोन रेषा परस्परांस काटकोनांत छेदतील अशा काढाव्या. हे झाले दोन अक्ष, आणि ते जेथें छेदतात तो आरंभबिंदु. आडव्या अक्षावर घाटांतील अंतर मोजावें, उभ्या अक्षावर उंची मोजावी. अंतर शून्य असतांना जी उंची असेल तेथें, म्हणजे उभ्या अक्षावरच, पहिला बिंदु द्यावा. हा आंतरछेद. मग तेथून ३७ घरें उजवीकडे जाऊन १ घर वर चढावें व दुसरा बिंदु द्यावा. या दोन बिंदूंतून जाणारी रेषा हें त्या वाटेचें चित्र, आणि १ भागिलें ३७ हा तिचा चढ. रेषा उजवीकडे जातां जातां खालीं उतरत असेल तर चढ उणा, सपाट असेल तर शून्य. अगदीं उभ्या रेषेला या सूत्रांत जागाच नाहीं. जेथें पाऊल पुढें पडावयाचेंच नाहीं तेथें पावलागणिक वाढ किती हा प्रश्नच उद्भवत नाहीं. खरा घाट अर्थातच एका रेषेचा नाहीं. तो वेगवेगळ्या चढांच्या अनेक तुकड्यांचा बनलेला आहे, आणि म्हणून तर ते ठेंगणे खांब एकामागून एक येत राहतात.

अंतर आणि उंची अशा दोन भिन्न राशि दोन अक्षांवर मांडून समीकरणाला चित्राचें रूप देण्याच्या युक्तीचें श्रेय रेने देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याला देण्याची रूढि आहे. १६३७ सालीं हॉलंडांतील लायडन येथें त्याचा जो ग्रंथ छापला गेला त्याला भूमितीवरील एक निबंध जोडलेला होता. त्याच सुमारास फर्मा हाहि स्वतंत्रपणें त्याच विचाराला येऊन पोंचला होता. शाळेंत आज जसे काटकोनांतील दोन अक्ष आखतात तसे देकार्तच्या निबंधांत सांपडत नाहींत. ती टापटीप मागाहून आलेल्यांनीं केली.

या चित्रामुळें एक जुना व्यवहार नव्यानें तपासतां येतो. मराठी मुलुखांत हिशेबाचा पाया म्हणजे त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'मध्यें त्रैराशिकाला मानाचें स्थान आहे आणि बाजारांत, वखारींत, शेतावर त्याच्यावांचून पाऊल पुढें पडत नाहीं. पांच नारळांना शंभर रुपये, तर दहांना किती? अर्थात् दोनशें. परंतु या उत्तराच्या पोटांत एक न बोललेली अट आहे. शून्य नारळांना शून्य रुपये पडले पाहिजेत. चित्राच्या भाषेंत बोलावयाचें तर रेषा आरंभबिंदूंतूनच निघाली पाहिजे. जेथें आंतरछेद शून्य नाहीं तेथें दुपटीला दुप्पट आणि निमपटीला निमपट हा नियम चालत नाहीं. आणि मनुष्याची संवय अशी कीं, तो त्रैराशिक तेथेंहि लावीत बसतो.

विजेचेंच बिल घ्यावें. समजा, स्थिर आकार १२० रुपये आहे आणि दर युनिटाला ६ रुपये पडतात. शंभर युनिटांचें बिल ७२० रुपये झालें. घरधन्यानें दिवे मालवून, पंखे बंद ठेवून पन्नास युनिटांत महिना काढला व ३६० रुपयांच्या बिलाची वाट पाहिली. बिल आलें ४२० चें. मग मीटर वेगानें फिरतो अशी तक्रार होते. मीटर बिचारा निर्दोष आहे. काटकसरीनें युनिटें कमी झालीं, म्हणजे मनुष्य रेषेवरून मागें सरकला; रेषेचा उगम मात्र होता तेथेंच राहिला. महिनाभर कुलूप लावून गांवीं गेलेल्या कुटुंबालाहि १२० रुपयांचें बिल येतें तें याच कारणानें. तें कुटुंब नेमकें आंतरछेदावर उभें असतें. प्रत्यक्षांतील बिलें याहून थोडीं किचकट असतात. युनिटांचा एकेक टप्पा ओलांडला कीं दर वाढतो, म्हणजे रेषा तेथें मोडते आणि अधिक चढाची होऊन पुढें जाते. तरी प्रत्येक तुकड्याला विचारावयाचे प्रश्न तेच दोन.

वर्तमानपत्रांतील आलेखांविषयीं येथें एक शब्द सांगून ठेवणें अस्थानीं होणार नाहीं. कित्येक वेळां उभा अक्ष शून्यापासून न काढतां मधूनच, ९० किंवा ९५ पासून, सुरू केलेला असतो. मग ९६ आणि ९८ यांतील किरकोळ फरक डोळ्यांना दुपटीतिपटीचा भासतो. तसेंच आडव्या अक्षावरील घरें आंखूड केलीं कीं सौम्य चढहि कड्यासारखा उभा राहतो. रेषेचा तिरकसपणा हें कागदाचें रूप आहे. चढ हा आंकडा आहे. तो अक्षांवरील आंकडे वाचूनच काढावयाचा असतो.

चढ आणि आंतरछेद यांची गल्लत सर्वांत सहज होते ती उष्णतामानाच्या बाबतींत. महाराष्ट्रांत हवेचें उष्णतामान सेल्सिअस अंशांत सांगतात आणि ताप मात्र अजून पुष्कळ घरांत फॅरनहाइट अंशांत मोजला जातो. त्यामुळें एका मापाचें दुसऱ्यांत रूपांतर करण्याची पाळी वरचेवर येते. सेल्सिअस अंशांस १.८ नें गुणावें आणि ३२ मिळवावे; झाले फॅरनहाइट. ३७ अंश सेल्सिअस म्हणजे ९८.६ आणि ४० म्हणजे १०४. हें सूत्रहि सरळ रेषेचेंच. चढ १.८ आणि आंतरछेद ३२. पाणी गोठतें तेथें एका थर्मामीटरनें शून्य धरलें आणि दुसऱ्यानें ३२, एवढाच त्या आंतरछेदाचा अर्थ. थंडी वाढत गेली कीं दोन्ही मापें एकमेकांच्या जवळ येतात आणि उणें ४० अंशांवर तीं एकच आंकडा दाखवितात.

आतां समजा कीं, रोग्याचा ताप ४० अंशांवरून ३८ वर आला. तो दोन अंश सेल्सिअसनें उतरला. फॅरनहाइटमध्यें तो कितीनें उतरला? सूत्र पाठ असलेला हुशार विद्यार्थी दोनला १.८ नें गुणून त्यांत ३२ मिळवील आणि ३५.६ असें उत्तर देईल. ताप १०४ वरून एकदम ३५.६ अंशांनीं उतरला तर रोगी हातीं लागावयाचा नाहीं! खरें उत्तर ३.६ आहे. ३२ हा शून्याच्या जागेंतला फरक आहे. तो ठिकाणाला लागू पडतो, बदलाला नाहीं. बदल मोजावयाचा असेल तेव्हां केवळ चढ पाहावयाचा. पृथ्वीचें सरासरी उष्णतामान दोन अंशांनीं वाढेल अशा प्रकारची बातमी एका मापांतून दुसऱ्या मापांत नेतांना हीच चूक होण्याचा संभव असतो, आणि ३५.६ हा आंकडा छापतांना तो विपरीत आहे हें कोणाच्या ध्यानांत न आलें तर वाचकाची काय समजूत होईल हें सांगावयास नको.

याच कारणानें २० अंश सेल्सिअसची हवा ही १० अंशांच्या हवेच्या दुप्पट उष्ण, असें म्हणणें निरर्थक आहे. तेच दोन दिवस फॅरनहाइटमध्यें ६८ आणि ५० आहेत. तेथें दुपटीचा पत्ता नाहीं. मग ज्याच्यावर त्रैराशिक चालेल असें खरें शून्य उष्णतेला आहे कीं नाहीं? या प्रश्नाचें उत्तर एका रेषेनेंच सुचविलें.

बंद नळींतील हवा तापविली, आणि तिच्यावरील दाब कायम ठेवला, तर ती फुगते. फ्रान्समध्यें शार्ल यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस हें पाहिलें व गे-ल्युसाकनें १८०२ सालीं त्याचीं पद्धतशीर मोजमापें प्रसिद्ध केलीं. ऑक्सिजन असो, नायट्रोजन असो वा साधी हवा असो, प्रत्येक अंशाला होणारी वाढ सारखीच भरली. आजच्या आंकड्यांनीं सांगावयाचें तर शून्य अंशावर एखाद्या वायूचें आकारमान २७३ घनसेंटिमीटर असेल तर प्रत्येक अंशाला तें सुमारें एकेक घनसेंटिमीटरानें वाढतें. १०० अंशांवर ३७३, उणें १०० वर १७३. आडव्या अक्षावर उष्णतामान आणि उभ्यावर आकारमान मांडलें कीं सरळ रेषा मिळते. आतां पट्टी तशीच डावीकडे सरकवीत न्यावी. मोजमापें संपतात, बिंदु संपतात, परंतु रेषा चालूच राहते आणि उणें २७३ च्या सुमारास आडव्या अक्षाला जाऊन भिडते. तेथें वायूचें आकारमान शून्य! त्याखालीं जावयाचें म्हणजे आकारमान शून्याहून कमी व्हावयास पाहिजे.

अशी तुटक रेषा पुढें ओढणें हा मोठा मोहाचा व तितकाच धोक्याचा प्रकार आहे. रेषेचा पुरावा मोजलेल्या बिंदूंपुरताच असतो. प्रत्यक्षांत कोणताहि वायु शून्य आकारमानापर्यंत पोंचत नाहीं. त्यापूर्वींच त्याचें पाणी होतें, म्हणजे तो द्रव बनतो. शिवाय चढांतील बारीकशी चूक दूरच्या छेदाला कोठल्या कोठें नेऊन टाकते. गे-ल्युसाकच्या मोजमापावरून ही रेषा ओढली तर ती उणें २६७ च्या जवळपास अक्षाला भेटते. रेन्यो प्रभृतींनीं १८४० नंतरच्या दशकांत अधिक काळजीनें प्रयोग केले तेव्हां हा आंकडा २७३ वर आला. तथापि या एका प्रसंगीं रेषेनें दाखविलेली दिशा खरी निघाली. विल्यम टॉमसन, जो पुढें लॉर्ड केल्व्हिन म्हणून प्रसिद्धीस आला, त्यानें १८४८ सालीं वायूंच्या गुणधर्मांवर अवलंबून न राहतां केवळ उष्णता व कार्य यांच्या नियमांवरून निरपेक्ष उष्णतामानाची कल्पना मांडली, आणि त्या मापाचें शून्य उणें २७३.१५ अंशांवर येतें असें ठरलें. १९०८ सालीं कामर्लिंग ऑनेस यानें हीलियम वायु द्रवरूप केला तेव्हां तो त्या शून्यापासून चार-सवाचार अंशांवर येऊन ठेपला होता. हा प्रयोगहि लायडनमध्येंच झाला, हा योगायोग. केल्व्हिनच्या मापानें मोजलें कीं विरळ वायूची रेषा आरंभबिंदूंतून निघते, आंतरछेद नाहींसा होतो आणि त्रैराशिक पुन्हा चालू लागतें. त्या मापानें १० अंश आणि २० अंश सेल्सिअसचे ते दोन दिवस अनुक्रमें २८३ आणि २९३ चे, म्हणजे जवळजवळ सारखेच आहेत.

आतां त्या दहा वर्षांच्या हकीकतीकडे वळावयास हरकत नाहीं. धातूवर प्रकाश पडला असतां कांहीं वेळां त्यांतून इलेक्ट्रॉन उसळून बाहेर पडतात. या घटनेची पहिली चाहूल हाइनरिख हर्ट्झला १८८७ सालीं लागली होती. १९०२ सालीं फिलिप लेनार्डनें तिच्यांतील एक चमत्कारिक गोष्ट जगापुढें मांडली. प्रकाश प्रखर केला तर बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते; परंतु त्यांतील सर्वांत वेगवान् इलेक्ट्रॉनाचा वेग तेवढाच राहतो. प्रकाश ही लाट आहे हें तर त्या काळीं सिद्ध झालेलें मत होतें. मोठ्या लाटेनें किनाऱ्यावरचा खडा अधिक जोरानें फेंकला जावा. येथें खडे अधिक उडत होते, पण जोर तोच होता.

१९०५ सालीं बर्न येथील पेटंट कचेरींत नोकरीस असलेल्या आल्बर्ट आइन्स्टाइननें याचा एक धाडसी उलगडा केला. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुड्यांनीं येते असें त्यानें मानलें. पुडींत ऊर्जा किती, हें त्या प्रकाशाच्या कंपनसंख्येवर अवलंबून. तांबड्या रंगाची पुडी लहान, जांभळ्याची मोठी. इलेक्ट्रॉन एक पुडी उचलतो, धातूच्या वेशीवर ठराविक जकात भरतो आणि उरलेली ऊर्जा घेऊन बाहेर पडतो. बाहेर आलेल्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा म्हणजे पुडींतील ऊर्जा वजा जकात. हें सूत्र ऐकतांच ओळख पटावयास हवी, कारण तें शाळेंतलेंच आहे. कंपनसंख्या हा 'क्ष', इलेक्ट्रॉनाची ऊर्जा हा 'य', आणि 'क' उणा, कारण तो जकातीचा आहे. जकात धातूगणिक निराळी असणार. परंतु 'म', म्हणजे चढ, हा प्रकाशाच्या पुड्यांचा गुण आहे, धातूचा नाहीं. म्हणून, आइन्स्टाइननें निबंधांतच लिहून ठेवलें, असा आलेख काढला तर सरळ रेषा येईल आणि पदार्थ कोणताहि असला तरी तिचा चढ बदलणार नाहीं. त्या वेळीं असा आलेख काढण्याजोगीं विश्वसनीय मोजमापें कोणाच्याहि जवळ नव्हतीं.

शिकागो विद्यापीठांतील रॉबर्ट मिलिकन याला ही पुड्यांची कल्पना मुळींच पटली नाहीं. लाटांच्या सिद्धान्तामागें शंभर वर्षांच्या प्रयोगांचें बळ होतें. तेव्हां आइन्स्टाइनची रेषा काढून पाहावी आणि ती सरळ येत नाहीं असें दाखवावें, अशा अपेक्षेनें तो कामास लागला. अडचण अशी कीं, सोडियम, पोटॅशियम, लिथियम हे सोयीचे धातु हवेशीं संबंध येतांच काळवंडतात आणि मळलेल्या पृष्ठभागावरील मोजमापांचा भरंवसा नाहीं. म्हणून मिलिकननें कांचेच्या नळींतील हवा काढून टाकून आंत एक लहानसा कारखानाच उभा केला. त्यांत या तीन धातूंचे तुकडे एका चाकावर बसविलेले होते व बाहेरून विद्युच्चुंबकानें फिरवितां येईल अशी एक सुरी होती. मोजमापापूर्वीं सुरीनें धातूचा पापुद्रा तासावयाचा आणि ताज्या, चकचकीत पृष्ठभागावर एकेका रंगाचा प्रकाश सोडावयाचा. समोरच्या पात्राला उलट दिशेचा विद्युद्दाब देत देत तो इतका वाढवावयाचा कीं, सर्वांत जोरदार इलेक्ट्रॉनहि पलीकडे पोंचूं नये. तो दाब म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या ऊर्जेचें माप. रंग बदलावयाचा, पुन्हा दाब मोजावयाचा, कागदावर आणखी एक बिंदु द्यावयाचा.

बिंदु एका रेषेंत आले. इतके नीट आले कीं, पट्टी ठेवण्यास वाद राहिला नाहीं. परंतु खरी कसोटी चढाची होती, आणि येथें गांठीस बांधलेला तो घाटांतील बारकावा उपयोगी पडतो. दोन निराळे धातु एका मंडलांत आले कीं त्यांच्यामध्यें आपोआप थोडासा विद्युद्दाब उत्पन्न होतो. आणि तासलेला धातु व समोरचें पात्र हे निराळ्या धातूंचे होते. हा चोरटा दाब प्रत्येक मोजमापांत मिसळत असे. त्यामुळें सबंध रेषा वर किंवा खालीं सरकते, म्हणजे आंतरछेद चुकतो. मिलिकननें तो दाब निराळा मोजून हिशेबांत घेतला, हें त्याच्या काटेकोरपणाला साजेसेंच होतें. पण तो घेतला नसता तरी चढाला धक्का लागला नसता. सर्व पिवळ्या पाट्या बदलल्या असत्या. ठेंगणे खांब जसेच्या तसे राहिले असते. सोडियमची रेषा निराळ्या ठिकाणाहून निघाली, लिथियमची निराळ्या ठिकाणाहून. पण दोन्ही एकमेकींस समांतर धांवल्या.

त्या समाईक चढाला इलेक्ट्रॉनावरील विद्युद्भारानें गुणलें कीं एक स्थिरांक मिळतो. विद्युद्भार मिलिकननें स्वतःच तेलाच्या थेंबांवरील प्रयोगांनीं आधीं मोजून ठेवला होता. १९१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या निबंधांत त्यानें त्या स्थिरांकाची किंमत दिली तिचे अर्थपूर्ण आंकडे ६.५७ होते, आणि चूक अर्ध्या टक्क्याहून अधिक नसावी असा त्याचा अंदाज होता. तापलेल्या पदार्थांतून निघणाऱ्या उष्णतेच्या किरणांचा अभ्यास करतांना मॅक्स प्लँकला १९०० सालीं जो स्थिरांक सांपडला होता त्याचे आंकडे ६.५५ होते. भट्टीचा प्रकाश आणि कांचेच्या नळींतील सोडियम यांचा परस्परांशीं कांहीं संबंध नाहीं. दोहोंतून निघालेला आंकडा मात्र एकच. मिलिकननें आइन्स्टाइनचें समीकरण तंतोतंत खरें ठरतें हें कबूल केलें, आणि त्याच निबंधांत त्यामागची पुड्यांची कल्पना टिकणार नाहीं असेंहि लिहिलें. स्वतःच्या पट्टीनें ओढलेल्या रेषेवर विश्वास ठेवावयाचा, पण तिच्या अर्थावर नाहीं, अशी ही त्याची स्थिति झाली होती. अपेक्षेविरुद्ध आलेला चढ त्यानें एका आंकड्यानेंहि वांकविला नाहीं, हें त्याचें मोठेपण मानलें पाहिजे. आइन्स्टाइनला १९२१ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें तें सापेक्षतेसाठीं नव्हे. या प्रकाशविद्युत् नियमाचा त्यांत नांवानिशीं उल्लेख होता. १९२३ चें पारितोषिक मिलिकनला मिळालें.

त्या चढांतून निघालेल्या स्थिरांकाची कथा तेथें थांबली नाहीं. १८८९ सालापासून जगांतील एकूण एक वजनाचा आधार म्हणजे पॅरिसजवळील सेव्र येथें कांचेच्या घंटांखालीं जपून ठेवलेला प्लॅटिनम आणि इरिडियम यांच्या मिश्रणाचा एक लहानसा दंडगोल. तो म्हणजेच किलोग्रॅम. २० मे २०१९ या दिवसापासून त्याचा तो अधिकार गेला. प्लँकच्या स्थिरांकाची किंमत त्या दिवशीं कायमची ठरवून टाकण्यांत आली. तिचे आंकडे ६.६२६०७०१५ असे आहेत, आणि तेव्हांपासून किलोग्रॅम त्यांच्यावरून ठरविला जातो.